हेल्मेटच्या काचेतलं पिनलॉक: काढणं, धुणं, वाळवणं आणि पुन्हा बसवणं

वाफ नेमकी कुठे बसली आहे, हे आधी बोटाने तपासा. काच वर करा आणि आतल्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात, बोट हलकेच टेकवा. बोटाचा ठसा उमटला तर वाफ तुमच्या तोंडासमोरच्या पृष्ठभागावर आहे. बाहेरून पुसल्यावर गेली तर ती बाहेरची. आतून-बाहेरून काहीही केलं तरी ढिम्म हलत नसेल, तर ती काच आणि पिनलॉकची पट्टी (वाफ धरू नये म्हणून काचेच्या आतून बसवतात ती पारदर्शक पट्टी) यांच्या मधे अडकली आहे. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. मला विचारायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक तिसऱ्या वाफेवर पहिल्या वाफेचा उपाय करत बसलेले असतात.

मी वाईत राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. रोज सकाळी पावणेसातला माझी युनिकॉर्न मोटरसायकल काढायची, पसरणी घाट चढायचा आणि दुपारी तीनच्या सुमारास उतरायचं. अंतर म्हणाल तर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. पण वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. म्हणजे अर्ध्या तासात ६०० मीटर चढायचे. खाली पावसाची भुरभुर असते, वर ढगाच्या पोटातून गाडी चालवावी लागते. एरवी घाटातून धोम धरणाचं पाणी दिसतं. जुलैत मात्र पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसला तरी पुरे. रस्त्यावरच्या धुक्याचं आपण काही करू शकत नाही. पण त्यात काचेतल्या वाफेची भर पडू द्यायची नाही, एवढं आपल्या हातात आहे. त्यासाठी ही पट्टी नीट सांभाळता आली पाहिजे.

ज्यांनी पिनलॉक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हेल्मेटच्या काचेला (आपण काच म्हणतो, पण ती असते पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची) आतून दोन बाजूंना दोन छोट्या पिना असतात. त्या पिनांमधे एक पातळ, पारदर्शक, मऊ पट्टी अडकवतात. पट्टीच्या कडेने चारी बाजूंनी सिलिकॉनची बारीक, उंचवटा असलेली रेघ फिरवलेली असते. ही रेघ काचेला चिकटून बसली की पट्टी आणि काच यांच्यामधे हवेचा बंद कप्पा तयार होतो. पिनलॉक हे मूळ कंपनीचं नाव, पण आता कुठल्याही अशा पट्टीला लोक तेच म्हणतात.

ती काम कशी करते हे कळलं की साफसफाईचे सगळे नियम आपोआप लक्षात राहतात. आपला उच्छ्वास सुमारे ३४ अंश गरम आणि वाफेने पूर्ण भरलेला असतो. घाटमाथ्यावर बाहेरच्या पावसाने काच १८-१९ अंशांवर आलेली असते. अशा गार पृष्ठभागावर श्वास आदळला की त्यातल्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि समोरचा उजेड विखुरतो. तेच आपल्याला धुरकट दिसतं. पिनलॉक दोन गोष्टी करतं. मधली कोंडलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही, त्यामुळे आतली पट्टी बाहेरच्या काचेइतकी गार पडत नाही. आणि पट्टीचं प्लॅस्टिक ओलावा शोषून घेतं, म्हणून तिच्यावर सुटे थेंब उभे राहत नाहीत. यातल्या शोषून घेण्याच्या गुणाला मर्यादा आहे, पट्टी भरली की ती थांबते. सगळा भार असतो त्या कोरड्या, बंद हवेवर. माझा सगळा आग्रह त्या हवेसाठी आहे: ती कोरडी कोंडायची आणि कोंडलेलीच ठेवायची.

हे मी अनुभवाने शिकले. २०२२च्या जुलैत एका रविवारी मी पट्टी काढून धुतली, फडक्याने टिपली, तासभर पंख्याखाली ठेवली आणि बसवून टाकली. हाताला कोरडी लागत होती. सोमवारी घाटाच्या निम्म्यावर पोचले तेव्हा खालच्या कडेने पांढरट पट्टा दिसायला लागला. बघता बघता तो मधोमध आला. आतून बोट फिरवलं, काही नाही. बाहेरून हातमोजाने पुसलं, काही नाही. समोरून ट्रकचे दिवे आले ते ताटाएवढे दोन पांढरे गोळे होऊन. काच वर केली तर पावसाचे थेंब चष्म्यावर. गाडी कड्याच्या बाजूला घेऊन इंडिकेटर लावून थांबले तेव्हा हात थरथरत होते. त्या दिवसापासून मी ओली पट्टी कधीच घाईने बसवलेली नाही.

काढताना

काच हेल्मेटवर असताना पट्टी काढू नका. आधी काच हेल्मेटपासून सोडवा. बहुतेक हेल्मेटना कानाजवळ एक खटका किंवा छोटी दांडी असते. काच पूर्ण वर करून तो दाबला की ती सुटते. तुमच्या हेल्मेटसोबत आलेला कागद एकदा पाहा, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आणि चुकीच्या बाजूने जोर लावला तर काचेचा कान तुटतो.

टेबलावर जुना मऊ टॉवेल अंथरा. हात साबणाने धुऊन घ्या. पोळ्या केल्यावर किंवा डोक्याला तेल लावल्यावर लगेच हे काम करू नये. काच दोन्ही टोकांना धरून बाहेरच्या दिशेने हळूहळू ताणा, म्हणजे तिचा बाक कमी होऊन ती थोडी सपाट होईल. सपाट झाली की दोन पिनांमधलं अंतर वाढतं आणि पट्टीचं एक टोक आपसूक मोकळं होतं. ते टोक दुसऱ्या कुणीतरी अलगद उचललं तर उत्तम. मी शाळेत करते तेव्हा मामा काच ताणून धरतात आणि मी पट्टी उचलते. एकटीने करायचं असेल तर काचेचं एक टोक पोटाशी टेकवून दुसरं टोक एका हाताने बाहेर ओढायचं, दुसरा हात पट्टीला. नख, सुरी, स्क्रूड्रायव्हर घालून पट्टी उचकटायची नाही. सिलिकॉनची रेघ तिथे एकदा निघाली की ती पट्टी संपली.

काढलेली पट्टी कडांनीच धरा, फोटोची निगेटिव्ह धरतात तशी.

काच धुताना

काच तुलनेने टणक असते, तिच्यावर कठीण लेप असतो. तरी कोरड्या फडक्याने चिखल पुसू नका. घाटातला लाल चिखल म्हणजे बारीक कच, तो काचेवर घासला की जाळं उमटतं आणि रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड त्या जाळ्यात पसरतो. फडकं कोमट पाण्यात भिजवून काचेवर पाच-दहा मिनिटं नुसतं पसरून ठेवा. वाळलेले किडे, चिखल सगळं सुटं होतं. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब, बोटांच्या पेरांनी गोल फिरवत, आणि भरपूर पाणी. पिनांच्या बुडाशी आणि पट्टीची सिलिकॉन रेघ जिथे टेकते त्या मार्गावर कापसाची ओली काडी फिरवा. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी रेघ त्या जागी उचलली जाते आणि बंद कप्पा बंद राहत नाही.

पट्टी धुताना

इथे हात आणखी हलका हवा. पट्टी काचेपेक्षा खूप मऊ आहे, आणि ओली असताना तर अधिकच मऊ होते. नळाची बारीक धार, पाणी कोमट (मनगटावर घेतलं तर गरम न लागणारं). आधी दोन्ही बाजूंवरून नुसतं पाणी जाऊ द्या, म्हणजे धूळ निघून जाईल. मग वाटीभर पाण्यात साबणाचा एकच थेंब मिसळा आणि त्यातलं थोडं पाणी बोटांच्या पेरांनी पट्टीवर फिरवा. फडकं नाही, स्पंज नाही, घासणी तर नाहीच. सिलिकॉनच्या रेघेवरून ओली कापसाची काडी एकाच दिशेने न्या. साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी घाला. साबणाचा थर राहिला तर पट्टीची ओलावा शोषायची ताकद कमी होते.

पट्टी पाण्यात भिजत घालायची नाही. ती पाणी पिते, आणि जेवढं पिईल तेवढं पुढे वाळायला लागतं.

शेवटची धार मी डिस्टिल्ड वॉटरची देते. प्रयोगशाळेत वॉश बॉटल असते, घरी बॅटरीत घालायचं पाणी गाडीच्या दुकानात लिटरवर मिळतं तेच वापरते. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, ते वाळलं की पांढरे डाग ठेवतं आणि मग ते डाग काढायला पुन्हा हात लागतो. नळाचं पाणी मऊ असेल तर याची गरज नाही.

काय वापरायचं नाही हेही स्पष्ट सांगते, कारण या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. खिडक्यांच्या काचा पुसायचा निळा फवारा नको. त्यात अमोनिया असेल तर पॉलिकार्बोनेट हळूहळू खराब होतं. स्पिरिट, पेट्रोल, थिनर नको. नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन तर कधीच नको. प्रयोगशाळेत मी अॅसिटोनचा एक थेंब पॉलिकार्बोनेटच्या तुकड्यावर टाकून मुलांना दाखवते. तो भाग पांढरट होतो, बारीक तडे जातात आणि ते काहीही केलं तरी परत जात नाहीत. टूथपेस्ट, बटाट्याची चकती, दाढीचा फेस हे घरगुती उपाय साध्या काचेवर तात्पुरते चालतात असं लोक सांगतात, पण पिनलॉकवर यातलं काहीच लावू नका. टूथपेस्टमधे घासणारे कण असतात, आणि बाकीच्यांचा थर पट्टीची भोकं बुजवल्यासारखा बसतो. वाफ न धरण्याचे फवारेसुद्धा पट्टीवर मारायचे नाहीत. पट्टी स्वतःच ते काम करते, तिच्यावर दुसरं औषध नको.

वाळवताना

पट्टी झटकून वरचं पाणी काढा. राहिलेले थेंब मऊ, स्वच्छ सुती कापडाने नुसते टिपा, ओढू नका. आमच्या घरी धुऊन धुऊन विरलेली मलमलची ओढणी आहे, ती फक्त याच कामासाठी ठेवली आहे. मग पट्टी कडेवर उभी करा. मी कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांमधे वहीचा जाड पुठ्ठा अडकवून त्याला टेकवते, पृष्ठभागाला काही लागत नाही.

ऊन नको, हेअर ड्रायर नको, गॅसच्या शेगडीजवळ नको. पातळ प्लॅस्टिक गरम झालं की वाकडं होतं, आणि वाकडी पट्टी काचेला नीट बसत नाही. सावलीत, घरातल्या तापमानाला, पूर्ण २४ तास.

उन्हाळ्यात २४ तास पुरतात. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत, तिथे पट्टी कशी वाळणार? म्हणून मी झाकण घट्ट लागणारा मोठा प्लॅस्टिकचा डबा वापरते, पोळ्यांच्या डब्याएवढा. तळाशी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, त्यावर जाळी, जाळीवर उभी पट्टी. प्रयोगशाळेत वस्तू कोरड्या ठेवायचं घट्ट झाकणाचं भांडं, म्हणजे डेसिकेटर, असतो त्याचाच हा घरगुती भाऊ. बुटांच्या खोक्यात, औषधांच्या बरण्यांमधे ज्या पुड्या येतात त्या साठवून ठेवा. दहा-बारा पुड्या जमल्या की काम भागतं. मोकळं जेल विकत घेणार असाल तर निळं घेऊ नका, त्यात रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते आरोग्याला घातक आहे. नारिंगी मिळतं, ते घ्या. तांदळात ठेवायचा सल्लाही बरेच जण देतात. तांदळाची भुकटी सिलिकॉनवर चिकटते, म्हणून मी तो मानत नाही.

काचही तशीच पूर्ण वाळू द्या. पिनांच्या बुडाशी पाणी दडून राहतं, तिथे कोरड्या कापसाची काडी फिरवा.

बसवायचं कुठे, ही खरी गोष्ट

पट्टी कोरडी, काच कोरडी, तरी मधे वाफ दिसते, असं होतं. कारण पट्टी बसवताना मधे कोंडली जाते ती हवा त्या खोलीतली असते. खोलीतली हवाच दमट असेल तर कप्प्यात दमट हवा अडकते.

मी प्रयोगशाळेतलं छोटं आर्द्रतामापक घरी आणून पाहिलं. जुलैत आमच्या खोलीत २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू साधारण २३ अंश येतो, म्हणजे २३ अंशांखाली कुठलीही वस्तू गेली की तिच्यावर पाणी धरायला लागतं. घाटमाथ्यावर काच १९ अंशांवर येते. मग कप्प्यातल्या हवेतलं पाणी काचेच्या आतल्या बाजूला धरणार हे ठरलेलंच. त्या सोमवारी माझ्या बाबतीत ओली पट्टी आणि दमट हवा, दोन्ही एकत्र आली होती.

मग मी खोली गरम करून पाहिली. दारं-खिडक्या लावून हीटर लावला. आर्द्रतेचा आकडा खाली आला, मला वाटलं जमलं. पण हवा गरम केल्याने तिच्यातलं पाणी कुठे जात नाही. आकडा उतरतो, दवबिंदू तिथेच राहतो. हे मी मुलांना शिकवायच्या तक्त्यात रोज पाहते आणि घरी मात्र लक्षात यायला दोन दिवस लागले. पाणी हवेतून काढून टाकावं लागतं, आणि ते काम एसी करतो.

माझ्या भावाचं वाईत औषधांचं दुकान आहे, तिथे औषधांसाठी एसी दिवसभर चालू असतो. तिथलं मोजमाप २४ अंश आणि ५५ टक्के आलं. या हवेचा दवबिंदू साधारण १४ अंश. घाटमाथ्याच्या १८-१९ अंशांपेक्षा तो बराच खाली आहे, म्हणजे वर चढल्यावरही कप्प्यात पाणी धरत नाही. आता मी रात्री दुकान बंद व्हायच्या वेळी तिथे जाते. काच आणि पट्टी अर्धा तास मोकळी ठेवते, मग तिथेच बसवते. वहिनी म्हणते, "ताई, औषधाच्या काउंटरवर हेल्मेटचं ऑपरेशन!" पण ती काच धरायला मदत करते.

दुकान नसेल तर चारचाकीत बसा. एसी चालू, हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबलेलं, दहा-पंधरा मिनिटं. गाडीतली हवा चांगली कोरडी होते आणि मांडीवर टॉवेल घेऊन काम होतं. आणि सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हे काम पावसाआधी, मे महिन्यातल्या कोरड्या दिवसांत करून टाकायचं. मी मुख्य धुणं मेच्या मध्यावर करते. पावसाळ्यात फक्त अडचण आली तरच काढते.

बसवताना

सिलिकॉनची रेघ असलेली बाजू काचेकडे. हे इतकं साधं आहे की चुकायला नको, पण उलटी बसवलेली पट्टी मी दोनदा पाहिली आहे. नवी पट्टी असेल तर चेहऱ्याकडच्या बाजूला एक संरक्षक फिल्म असते. ती आधी काढू नका; पट्टी पूर्ण बसल्यावर, ताण तपासल्यावर मगच सोला. जुन्या पट्टीला फिल्म नसते, तेव्हा स्वच्छ सुती हातमोजे घाला किंवा फक्त कडा धरा.

बसवायच्या क्षणी काच आणि पट्टी उजेडासमोर तिरपी धरून एकदा पाहा. धाग्याचा तंतू, केस, धुळीचा कण मधे राहिला तर नंतर तो तुमच्या नजरेसमोर महिनोन्महिने राहील. रबराच्या फुंकणीने फुंकर मारा. तोंडाने फुंकू नका, त्या फुंकरीत वाफ असते.

पट्टीच्या दोन्ही टोकांना अर्धगोल खाच असते. एका टोकाची खाच एका पिनेच्या खोबणीत बसवा. मग काच पुन्हा बाहेरच्या दिशेने ताणून सपाट करा आणि दुसरं टोक दुसऱ्या पिनेत सरकवा. दोन्ही खाचा पिनांच्या खोबणीत गेल्या आहेत, कुठलंही टोक पिनेच्या वर चढलेलं नाही, हे बघा. आता काच हळूहळू सोडा. काच आपल्या बाकात परत येते, पिना जवळ येतात आणि पट्टी दोघींच्या मधे दाबली जाऊन काचेकडे फुगते. याच दाबाने सिलिकॉन काचेला घट्ट चिकटतं.

काच एकदम सोडू नका. झटका बसला की एक टोक सुटतं, आणि तीच मेहनत पुन्हा.

पट्टी सरळ बसली आहे का, हे काच डोळ्यांसमोर दूर धरून बघा. सिलिकॉनची रेघ काचेच्या कडेपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवी. काच हेल्मेटवर लावून मिटल्यावर हेल्मेटच्या कडेचं रबर सिलिकॉनच्या रेघेवर येता कामा नये. तसं झालं तर दर वेळी काच वर-खाली करताना पट्टी घासली जाईल.

पिनांचा ताण

नव्या हेल्मेटांच्या बऱ्याच काचांवर पिना फिरवता येतात. पिनेचा गोल बरोबर मध्यावर नसतो, किंचित एका बाजूला सरकलेला असतो. पिन फिरवली की तिची जाड बाजू पट्टीकडे येते किंवा दूर जाते. पट्टीकडे आली की ताण वाढतो, दूर गेली की सैल होतो. जुन्या काचांवर पिना पक्क्या असतात, तिथे हा भाग सोडून द्या.

सुरुवात सर्वात सैल जागेवरून करा. पट्टी बसवा आणि दोन बोटांनी अगदी हलकेच सरकवून पाहा. सरकली तर दोन्ही पिना सारख्याच, अगदी थोड्या, फिरवा. एकच पिन फिरवलीत तर पट्टी एका बाजूला ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूची रेघ उचलते. पुन्हा पाहा, पुन्हा थोडं. पट्टी सरकायची थांबली की तिथेच थांबा.

सिलिकॉन नीट बसलं आहे का हे नजरेने कळतं. काच खिडकीच्या उजेडात धरून बाहेरून रेघेकडे पाहा. जिथे सिलिकॉन काचेला टेकलं आहे तिथे सलग, एकसारख्या रुंदीची गडद पट्टी दिसते. जिथे ती तुटते किंवा बारीक होते तिथून हवा आत जाते. माझ्या अनुभवात ती बहुधा नाकाच्या वरच्या भागात, मधोमध तुटते, कारण तिथे ताण सगळ्यात कमी पोचतो.

उलट, ताण जास्त झाला तरी वाईट. सिलिकॉन कायमचं चपटं होतं, आणि नंतर सैल केलं तरी ते फुलून येत नाही. शाळेतले एक तरुण सर पट्टी कधीच हलू नये म्हणून पिना शेवटपर्यंत फिरवून आले होते. महिन्याभरात त्यांची रेघ कागदासारखी सपाट झाली होती. नवी पट्टी घ्यावी लागली. मी त्यांच्यासोबत बसून ती बसवली, आणि दोन्ही पिना पाव वळशापेक्षा जास्त फिरवाव्या लागल्या नाहीत.

चाचणी

काच हेल्मेटवर लावायच्या आधी एक साधी चाचणी करा. पेल्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको, चहा पिण्याइतकं गरम. काच आतल्या बाजूने पेल्यापासून वीतभर वर धरा, अर्धा मिनिट. पट्टीच्या बाहेरचा काचेचा काठ लगेच धुरकट होईल; पट्टीचा भाग स्वच्छ राहायला हवा. मधे कुठे ढगासारखा डाग आला तर तो दोन थरांच्या मधला आहे का हे बोटाने बघा. मधला असेल तर पुन्हा काढा, वाळवा, बसवा. मला वाईट वाटतं हे सांगताना, पण याला जवळचा रस्ता नाही.

रोजच्या वापरात

घाट चढताना श्वास जोराने सुटतो, पट्टी ओलावा पीत राहते, आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या मुसळधार पावसात ती भरू शकते. तेव्हा आतल्या बाजूला पाण्याची पातळ ओघळ दिसते. तिला हात लावू नका. भरलेली पट्टी सगळ्यात मऊ असते आणि हातमोजाचा एक फराटा कायमचा राहतो. हेल्मेटच्या वरचे आणि हनुवटीचे हवेचे मार्ग उघडे ठेवा, नाकाजवळची श्वास खाली वळवणारी पट्टी लावा, गाडीचा वेग अगदी कमी असेल तेव्हा काच एक खटका वर ठेवा. ओघळ आपोआप जाते.

चष्मा असेल तर त्यावर पिनलॉकचा काही उपयोग नाही, चष्म्याची वाफ वेगळी. मी सकाळी चष्मा साबणाच्या पाण्याने धुऊन, पुसून घालते आणि नाकपट्टी घट्ट बसवते. त्याने बराच फरक पडतो.

रात्री समोरच्या दिव्यांची कधीकधी दुहेरी प्रतिमा दिसते, कारण उजेड दोन थरांमधून येतो. नवीन लावलेल्यांना याची भीती वाटते. डोळे आठवड्याभरात सरावतात. पण पट्टीवर ओरखडे असतील तर तो झगमगाट धोकादायक होतो, तेव्हा तडजोड नको. गडद काच आणि पिनलॉक असं मिळून रात्री तर मुळीच वापरू नका.

शाळेत पोचल्यावर मी काच पूर्ण उघडी ठेवून हेल्मेट प्रयोगशाळेच्या कपाटावर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवते. ओलं हेल्मेट डिकीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं तर दुपारपर्यंत पट्टी वाळत नाही, आणि परतीच्या वाटेवर ती आधीच भरलेली असते.

नवी पट्टी कधी

सिलिकॉन कुठे सुटलं, मधोमध दुधासारखा डाग आला जो धुऊन जात नाही, किंवा समोरच्या दिव्यात ओरखड्यांचं कोळीजाळं दिसायला लागलं, तर बदला. रोजच्या घाटात माझी पट्टी दोन पावसाळे टिकते. नवी घेताना काचेचं मॉडेल नीट पाहा. मूळ पिनलॉकवर कडेला बारीक अक्षरात डीकेएस आणि पुढे आकडा असतो. तो आकडा तुमच्या काचेसाठी असेल तरच ती बसते. एकाच कंपनीच्या दोन हेल्मेटांच्या पट्ट्याही एकमेकांना चालतील असं नाही. मी जुन्या पट्टीचा आकडा मोबाइलमधे फोटो काढून ठेवला आहे.

नवी पट्टी मेमधेच मागवून ठेवा. जुलैत साताऱ्याच्या दुकानांत विचारलं तर बहुतेक वेळा मापाची नसते, आणि मागवलेली येईपर्यंत आठ-दहा दिवस धुक्यात जातात. माझ्या कपाटात या वर्षीची नवी पट्टी फिल्मसकट, सिलिका जेलच्या त्याच डब्यात ठेवलेली आहे.